बाबांच्या डाव्या कानात

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. रागानं लिहीत नाही हे आधीच सांगते, नाहीतर दुसऱ्या ओळीलाच तू कागद घडी करून ठेवशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. घरी बरं आहे. बाबांचा खोकला कमी झालाय. दुकानात एका हॉटेलच्या पडद्यांचं मोठं काम आलंय, सगळ्या खोल्यांना एकच रंग, शेवाळी. दिवसभर तेच शिवून आता डोळे मिटले तरी शेवाळीच दिसतं. मालकीणबाई भल्या आहेत, भेटीच्या दिवशी अर्धी सुट्टी देतात आणि कारण विचारत नाहीत. शेजारीपाजारीही विचारत नाहीत, पण त्यांची तऱ्हा वेगळी. मी जिन्यात समोर आले की त्यांना एकदम पिशवीत किल्ल्या शोधायच्या असतात.

तू अजून एकदाही तुझ्या दादाला भेटायला तुरुंगात गेलेली नाहीस, म्हणून तिथलं थोडं सांगते. बस डेपोच्या मागे ती इमारत आहे. बाहेरून शाळाच वाटते, पिवळट रंगाची. आत शिरलं की आधी सगळं काढून द्यायचं: पाकीट, फोन, पट्टा, केसांतली पिनसुद्धा. बाबांचा पट्टा काढून घेतल्यावर त्यांना एका हातानं पँट धरून चालावं लागतं. पहिल्या खेपेला त्यांच्या कानाचं यंत्र शिपायानं उलटसुलट करून पाहिलं, जसं काही ते फुटणारच आहे. "हे काय?" म्हणाला. बाबांना ऐकू आलं नाही. "बघा, म्हणूनच लागतं," मी म्हटलं, तेव्हा तो हसला आणि त्यानं आम्हाला सोडलं. पण त्या यंत्राचा तिथे उपयोग शून्य. भेटीच्या खिडकीला जाड काच आहे, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दोरीनं बांधलेला एकेक रिसीव्हर. रिसीव्हर यंत्राजवळ नेला की ते शिट्टी मारतं. त्यामुळे ठरलं ते असं: रिसीव्हर मी धरायचा, तुझा दादा बोलेल ते ऐकायचं आणि बाबांच्या डाव्या कानात ओरडून सांगायचं. छापखान्यातल्या मशीननं त्यांचा उजवा कान पार खाल्लाय आणि डावा अर्धा. तुला तर माहीतच आहे, बाबांच्या कानात गुपित सांगणं म्हणजे चौकात भाषण ठोकणं. शेजारच्या खिडक्यांवरची माणसं वळून बघतात. आणि समोर भिंतीवर पाटी आहे, की इथलं बोलणं ऐकलं जाऊ शकतं.

परवाच्या आधीच्या भेटीत तुझा दादा आला तेव्हा मला आधी तो ओळखूच आला नाही. दाढी अर्धवट, गाल आत गेलेले. बसल्या बसल्या त्यानं पहिलं काय विचारावं? "माळी कसा आहे?" ना मी कशी आहे, ना बाबा कसे आहेत. तुझा दादा चालवायचा त्या बेकरीच्या गाडीनं अंधार पडल्यावर वळणावर ज्या माणसाला सायकलसकट उडवलं आणि जी गाडी क्षणभरही थांबली नाही, त्या बागेतल्या माळ्याची चौकशी. मी म्हटलं, अजून दवाखान्यात आहे, कंबरेचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. बाबा मला कोपरानं ढोसत होते, "काय म्हणतो? काय म्हणतो?" मी त्यांच्या कानात ओरडले, "तब्येत विचारतोय!" बाबा खूश झाले. त्यांना वाटलं, त्यांचीच.

मग तो म्हणाला, "डुलक्याला माझ्याच बराकीत आणून टाकलाय." डुलक्या म्हणजे बेकरीचा दुसरा ड्रायव्हर, त्याच गाडीची दुसरी किल्ली ज्याच्याकडे असायची तो. उभ्या उभ्या झोपतो म्हणून सगळ्यांनी त्याचं हे नाव पाडलेलं. बाबांनी पोलिसांना जबाब दिला, की मुलगा त्या संध्याकाळी उजेडातच घरी आला होता आणि आपल्यासोबत जेवत होता. मग गाडीवर कोण असणार? ज्याच्याकडे दुसरी किल्ली तो. त्यातून वाटेल तिथे पेंगणारा माणूस. सगळ्यांना चटकन पटलं, कोर्टात साक्ष होईपर्यंत मात्र दोघंही आत. मी त्या दिवशी रात्रीपर्यंत दुकानात होते, मला काय कमी पटलं होतं? तुझा दादा सांगत होता, "तो मला रोज स्वतःचा साबण देतो. माझा चोरीला गेला ना. म्हणतो, तू सुटशील रे, तुझा बाप आहे साक्षीला. माझं कुणी बघितलंच नाही, मी घरी एकटा झोपलेलो." एवढं बोलून तो काचेवर कपाळ टेकून बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मीच होतो गाडीवर. बाबांना सांग, कोर्टात उभे राहू नका. आत्ता सांग, माझ्यासमोर."

ठमे, मी आजूबाजूला बघितलं. समोर ती पाटी. शेजारच्या खिडकीवर एक म्हातारी, मागे शिपाई. आणि बाबा, एका हातानं पँट धरलेले, माझ्या तोंडाकडे बघत, "काय म्हणतो?" काय सांगणार होते मी? तेही ओरडून? मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "जेवण बरं असतं म्हणतो!" बाबांनी हसून त्याला अंगठा दाखवला. तुझ्या दादानं तो अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. त्यानं काचेवर मूठ हाणली. एकदा, दुसऱ्यांदा. रिसीव्हरमधून "सांग! सांग त्यांना!" असं ओरडत होता. पलीकडून दोघा शिपायांनी त्याला दंडाला धरून उठवलं. बाबा घाबरून उभे राहिले, पँट हातातून सुटली, मी ती सावरली. "काय झालं? का चिडला?" मी म्हटलं, "वेळ संपली म्हणून." बाबा बसमध्ये बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत होते, पोरगा पाच मिनिटांसाठी एवढा जीव टाकतो म्हणून.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. तुझे निरोप येतच होते. बाबांकडून रोज एकदा म्हणवून घे, वकील म्हणतात साक्ष अडखळायला नको. मी म्हणवून घेत होते. मी कापड कापायला जमिनीवर बसले की बाबा समोर खुर्चीत ताठ बसायचे, हात मांडीवर, आणि सुरू करायचे: "मुलगा उजेडातच घरी आला. त्यानं हात धुतले. आम्ही दोघं जेवलो. मग तो आंघोळीला गेला." मग मला विचारायचे, "बरोबर झालं ना?" मी "हो बाबा" म्हणायचे आणि कात्री चालवायचे. एकदा पडद्याचं सगळं पान उलटं कापलं. मनात एकच घोळायचं, की नाही सांगितलं तर तो घरी येईल. इथे, या दारातून, चपला वाकड्या काढून, नेहमीसारखा. माळ्याची कंबर काही त्यामुळे सरळ होणार नाही, मोडायची ती मोडली. असंही मी स्वतःला सांगून बघितलं. आणि डुलक्याचं तर मी तोंडसुद्धा बघितलेलं नव्हतं, म्हणून ते सोपं जात होतं.

परवाच्या भेटीला गेलो तेव्हा बसायच्या हॉलमध्ये गर्दी होती. तिथल्या खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या, एकही सरकवता येत नाही. टोकन घेतलं आणि बाबांना कुठे बसवावं म्हणून बघत होते, तेवढ्यात पांढऱ्या स्वेटरमधली एक बाई उठली. "बसू दे त्यांना, मी दिवसभर उभीच असते," म्हणाली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला आहे म्हणे. बोलकी होती. कुणाला भेटायला आलात, असं तिथे कुणी कुणाला विचारत नाही, पण स्वतःचं सांगतात. ती सांगायला लागली. नवरा ड्रायव्हर, बेकरीच्या गाडीवर. "झोपाळू आहे हो, पण देवाशपथ सांगते, मुंगीला धक्का लावणार नाही. त्या दिवशी मी कामावर होते, हा घरी झोपलेला. आता झोपलेल्याला साक्षीदार कुठून आणायचा? आणि दुसऱ्याचा बाप म्हणे शपथेवर सांगणारे. म्हातारा माणूस आहे, शपथेवर खोटं कशाला बोलेल, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं कधी कधी. मग मी नवऱ्यावरच संशय घेते. घरी जाऊन रडते, की मी कसली बायको." हे ती बाबांच्या शेजारी उभी राहून सांगत होती, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. आणि बाबांनी तोंड वर करून मला विचारलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "काय म्हणते ही बाई?"

ती बाईच हसून म्हणाली, "सांगा ना, माझं रडगाणं सांगा त्यांना." मी बाबांचा हात धरला आणि त्यांना उठवलं. आमचा नंबर जवळ आला होता, तरी बाहेर नेलं. फाटकापासून पुढे डेपोच्या भिंतीशी पायऱ्या आहेत, तिथे बसवलं. मागे बस सुरू होत्या, धूर, हॉर्न. आणि तिथे, ठमे, मी तुझ्या बाबांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं. पहिल्यांदा त्यांना "गाडी" एवढंच ऐकू आलं, म्हणाले, "कुठली गाडी? आपल्याला कुठे जायचंय?" मग पुन्हा ओरडले, "गाडीवर तोच होता! त्यानंच सांगितलं मला! मागच्या भेटीत!" एक कंडक्टर चहा पिता पिता थांबून बघायला लागला. तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं, की पोचलं.

मला वाटलं होतं, ते रागावतील, मला खोटी म्हणतील. तसं काही झालं नाही. ते बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. मग अगदी हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "पण तो आला होता ना उजेडात. हात धुतले त्यानं." मी मान हलवली, नाही. "आम्ही जेवलो." मी पुन्हा मान हलवली. "मी झोपलो होतो," ते म्हणाले. "दुपारचा जो आडवा झालो तो झोपलोच होतो. उठलो तेव्हा तो आंघोळ करत होता. दाराचा आवाज मला कुठून येणार? पण ठमी तर म्हणाली..." आणि तिथेच थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते समोरच्या बसकडे. मला आठवलं, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तू दारात उभी होतीस. पोलीस यायच्याही आधी. सहज आले, म्हणालीस. बाबांसोबत दोन दिवस बसलीस, त्यांचे पाय चेपलेस आणि त्या संध्याकाळच्या गोष्टी त्यांना आठवून दिल्यास. आठवतंय ना बाबा, दादा लवकर आला होता, तुम्ही दोघं जेवलात, तुम्हीच तर मला फोनवर सांगितलंत. बाबा फोनवर बोलतच नाहीत, ठमे. तुझ्या दादानं त्या रात्री पहिला फोन कुणाला केला असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. बाबांनी ते वाक्य पुरं केलं नाही. अजूनही केलेलं नाही.

परत आलो तर आमचा नंबर निघून गेलेला. खिडकीवरचा कारकून म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. मी हात जोडले, तो ढिम्म. तेव्हा ती पांढऱ्या स्वेटरवाली पुढे झाली. "माझ्या नंबरवर यांना सोडा, मी शेवटी जाईन. म्हाताऱ्या माणसाला किती खेपा घालायला लावता?" कारकुनानं कुरकुरत पावती बदलली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. एका हातात पँट, दुसरा हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "बाई, तुझा माणूस सुटेल." तिला काही कळलं नाही. तिला वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो, बाबा."

खिडकीशी मी सवयीनं रिसीव्हर उचलायला गेले, तर बाबांनी तो माझ्या हातातून घेतला. कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि रिसीव्हर नुसता तोंडाशी धरला, माईक धरतात तसा. तुझा दादा पलीकडे येऊन बसत होता तोच यांनी सुरुवात केली. "मी कोर्टात येणार नाही. मी झोपलो होतो. मला काही माहीत नाही आणि जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. तुझं तू बोल. आजच बोल, साहेबांना बोलाव आणि बोल. त्या माणसाचा साबण वापरतोस ना?" साबणाचं मी पायऱ्यांवर सांगितलं होतं. एवढ्या सगळ्यातून त्यांनी तेवढंच धरून ठेवलं होतं. तुझा दादा रिसीव्हर कानाला लावून ऐकत होता, मान हलवत होता, आणि मग त्याचा बांध फुटला. तो काहीतरी बोलायला लागला, खूप बोलत होता. बाबांनी सवयीनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतो?" रिसीव्हर त्यांच्याच हातात, मला कसं ऐकू येणार? मी म्हटलं, "रडतोय, बाबा." "ते दिसतंय मला," ते म्हणाले, आणि वेळ संपेपर्यंत रिसीव्हर तोंडाशी तसाच धरून बसले.

त्याच संध्याकाळी तुझ्या दादानं अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. काल सकाळी वकील घरी आले, जिन्यापासूनच आवाज चढलेला. सगळं हातात आलेलं घालवलंत म्हणाले. शिक्षा होणार, किती ते सांगता येत नाही, पण स्वतःहून सांगितलं याचा थोडा विचार होईल. डुलक्याला दोन-चार दिवसांत सोडतील. माळी आता आधार धरून बसतो असं कळलं. मी उद्या दवाखान्यात जाणार आहे, आत जायचं धाडस होतं का बघते. वकिलांनी निघताना बाबांसमोर वाकून ओरडून विचारलं, "मग तो आधीचा जबाब तुम्हाला कुणी पढवला?" बाबा म्हणाले, "कुणी नाही. म्हातारपण आहे. मलाच तसं वाटलं." वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी पडदा शिवत होते, शिवत राहिले. तेव्हा तू निर्धास्त राहा, तुझं नाव या घरातून कुणाच्या तोंडी जाणार नाही. आणि मी तुला बोल तरी कुठल्या तोंडानं लावू? तू भावासाठी जे केलंस, तेच मी नवऱ्यासाठी आठवडाभर केलं. पांढऱ्या स्वेटरची बाई भेटली नसती तर आजही करत असते.

पण हे सगळं सांगण्यासाठी मी लिहायला बसले नव्हते. झालं असं, की वकील गेल्यापासून बाबा एक अक्षर बोलले नाहीत. जेवायला बसले, ताट तसंच ठेवून उठले. तुझा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. तुझा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे पाठ करून बसतात, असं मला वाटलं, किंवा मलाच तसं दिसलं असेल. मग आज दुपारी मी मशीनवर बसले होते, तर पाठीमागे येऊन उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "कोर्टाच्या तारखेला ठमी कुठल्या गाडीनं येणार?" मी मशीन थांबवलं आणि त्यांच्या डाव्या कानात म्हटलं, "येते असं तिनं कुठे सांगितलंय, बाबा?" ते म्हणाले, "विचार तिला." म्हणून विचारते आहे. तारीख येत्या गुरुवारी आहे. कुठल्या गाडीनं येतेस ते कळव. आम्ही दोघं तुला घ्यायला येऊ.

तुझीच,
वहिनी